सोडा मशीन घ्यायचं तर आधी वजनकाटा घ्या

मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं घरगुती सोडा मशीन आता थंडी, ऊन आणि पाऊस तिन्ही बघून झालंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. साधं मॉडेल आहे. वीज लागत नाही, वरचं बटण हाताने दाबायचं. पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमचं छोटं सिलिंडर, पुढे एक लिटरची प्लास्टिकची बाटली. किंमत सहा-साडेसहा हजारांच्या घरात.

मी नागपूरचा. हिंगणा एमआयडीसीकडे आग विझवायची सिलिंडरं भरायचा आणि त्यांच्या सर्व्हिसिंगचा माझा धंदा आहे. ज्या सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर, हे मशीन चालतं, तो माझ्या रोजच्या हाताखालचा. त्यामुळे मशीनचा रंग आणि ओट्यावर ते कसं शोभतं याबद्दल इथे काही मिळणार नाही. त्यासाठी खोक्यावरचे फोटो पुरेत. मी लिहिणार ते सिलिंडरबद्दल, कारण खरा माल तोच आहे. मशीन म्हणजे एक स्टँड, एक नळी आणि एक झडप.

त्या स्टँडचं काम मात्र चोख आहे. बाटली अडकवायची, तीन-चार वेळा बटण दाबायचं, जास्तीचा दाब झाला की झडपेतून खरखरीत आवाज येतो, तेव्हा थांबायचं. वायसर चांगला बसलेला आहे. साबणाचं पाणी लावून बघितलं (सवय!), कुठेही बुडबुडा नाही. सिलिंडरचे आटे हाताने आवळायचे, पाना लावायचा नाही. पाना लावला की वायसर दबून फाटतो आणि मग लोक म्हणतात मशीन लीक आहे.

आता खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे येऊ. '६० लिटरपर्यंत सोडा.' सिलिंडरमध्ये ४२५ ग्रॅम सीओटू असतो. साठने भागलं तर लिटरला सात ग्रॅम आले. बाजारातल्या चांगल्या झणझणीत सोड्यात लिटरमागे साधारण सात-आठ ग्रॅम सीओटू विरघळलेला असतो. म्हणजे कागदावर हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात एक ग्रॅमही वाया जाता कामा नये. प्रत्यक्षात प्रत्येक दाबाबरोबर वायू झडपेतून बाहेर पडतो, बाटली काढताना फुस्स होतो, तो वेगळाच. मी सिलिंडर काढून आधी आणि नंतर काट्यावर ठेवून बघितलंय. आमच्या घरच्या तिखट सोड्याच्या एका बाटलीला बारा ते चौदा ग्रॅम खर्च होतात. म्हणजे तिशी-पस्तिशीच्या पुढे बाटल्या निघत नाहीत. हलका सोडा चालणाऱ्यांना जास्त मिळतील. साठ कोणाला मिळत असतील तर त्या घरी सोडा नाही, किंचित रागावलेलं पाणी पीत असतील.

मग सिलिंडर किती उरलंय हे कळायचं कसं? मशीनवर प्रेशर मीटर नाही आणि बऱ्याच लोकांनी त्यावरून एक स्टार कापलाय. यात मात्र कंपनीची बाजू बरोबर आहे. सिलिंडरमध्ये तळाशी द्रव सीओटू असतो आणि वर त्याचाच वायू. वायू काढला की थोडा द्रव उकळून ती जागा भरून काढतो आणि दाब पुन्हा होता तिथे येतो. २० डिग्रीला हा दाब साधारण ५७ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब). सिलिंडर काठापर्यंत भरलेलं असो की तळाशी चार चमचे द्रव उरलेला असो, मीटरचा काटा ५७ वरच. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की मगच काटा खाली यायला लागतो, आणि तोवर तुमचा बराचसा वायू वापरून झालेला असतो. म्हणूनच आम्ही सीओटूचं फायर सिलिंडर कधी मीटरवर तपासत नाही. पावडरवाल्या सिलिंडरवर हिरवा-लाल काटा दिसतो, सीओटूवाल्यावर दिसत नाही, ते याच कारणाने. ते तोलायचं, आणि भरलेल्या वायूच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट दिसली की पुन्हा भरायला घ्यायचं.

सोड्याच्या सिलिंडरच्या गळ्यावर किंवा लेबलवर रिकामं वजन छापलेलं असतं. माझ्या एकावर ७८० ग्रॅम आहे. भरलेलं बाराशे पाचच्या आसपास भरलं पाहिजे. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. मशीनबरोबर कंपनी सरबताच्या दोन बाटल्या फुकट देते, त्याऐवजी असा एक काटा दिला असता तर गिऱ्हाइकाचं जास्त भलं झालं असतं.

आता नागपूरचा उन्हाळा. इथे हे मशीन पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं वागतं, आणि ते तुम्हाला पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या रिव्ह्यूत सापडणार नाही. जानेवारीत भरलेलं सिलिंडर कानाशी धरून हलवलं तर आत द्रव हिंदकळतो, हाताला स्पष्ट कळतं. मे महिन्यात तेच सिलिंडर हलवलं तर काहीच नाही. जड लागतं, पण आत हालचाल शून्य. माझ्याकडे दर उन्हाळ्यात कोणीतरी फायर सिलिंडर घेऊन येतोच: "भाऊ, हे त खाली हाये. तुमीच भरून देल्लं होतं." मी काट्यावर ठेवतो. वजन पूर्ण. तो माझ्याकडे बघतो, काट्याकडे बघतो, मग काटाच खराब आहे म्हणतो.

काटा ठीक असतो. सीओटूला ३१ डिग्री हा उंबरठा आहे. त्याच्या वर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. द्रव आणि वायू यांच्यामधली रेघच पुसली जाते आणि आत एकच दाट काहीतरी उरतं, ज्याला पुस्तकात अतिक्रांतिक अवस्था म्हणतात. ३१ डिग्री आणि ७३.८ बार हा तो बिंदू. हे नीट मोजून मांडलं थॉमस अँड्र्यूजने, १८६९ मध्ये, बेलफास्टला. त्या गार गावात त्याला काचेची नळी मुद्दाम कोमट करावी लागली असणार. आम्हाला मार्च ते जून हा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यावर फुकट होतो. कूलर चालू असलेल्या खोलीत पारा ३१ च्या जरा खाली आला की रेघ परत उमटू शकते, पण इतकी पुसट की हलवून काही कळत नाही.

याचा सोड्यावर परिणाम काय? उन्हाळ्यात भरलेल्या सिलिंडरचा दाब ५७ वर राहत नाही, ४५ डिग्रीला तो शंभर बारच्या वर सहज जातो. बटण जरा जोरात दाबलं गेलं की बाटलीत एकदम मोठा झोत येतो. हिला त्याचा राग आहे. "अहो, हे मशीन आहे की फटाका?" असं ती भर दुपारी विचारते. उन्हाळ्यात हलके हलके, तुटक दाबायचं, एवढाच उपाय. आणि गंमत म्हणजे या दिवसांत मीटर बसवलं असतं तर ते उपयोगी पडलं असतं, कारण द्रवच नसल्याने वापराबरोबर दाब खरोखर उतरत जातो. पण चार महिन्यांसाठी कोण मीटर बसवणार.

मशीन सरळ उभं ठेवायचं ही सूचना पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे, ती मोठी हवी होती. आगीच्या सिलिंडरमध्ये आत तळापर्यंत जाणारी एक नळी असते, म्हणून त्यातून आधी द्रव बाहेर येतो. तो हॉर्नमध्ये, म्हणजे पुढच्या भोंग्यात, पोहोचताच दाब कोसळतो, काही भागाचा वायू होतो, आणि तो होताना उरलेल्यातली उष्णता ओढून घेतो. उरलेल्याचा पांढरा बर्फ होतो. हवेच्या साध्या दाबाला द्रव सीओटू टिकूच शकत नाही. त्याला निदान पाच बारच्या वर दाब लागतो. म्हणून थेट बर्फ, तोही उणे ७८ डिग्रीचा, आणि तो वितळत नाही, तसाच उडून जातो. फ्रान्समध्ये तिलोरिये नावाच्या माणसाला १८३५ मध्ये असाच द्रवाच्या भांड्यातून घन सीओटू पहिल्यांदा हाती लागला. आमच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट शिकवतो ती हॉर्नला उघडा हात लावायचा नाही, दांडाच धरायचा. कातडी चिकटते. सोड्याच्या सिलिंडरमध्ये ती नळी नसते, म्हणून उभ्या मशीनमध्ये फक्त वरचा वायू येतो. मशीन आडवं केलंत की झडपेशी द्रव येतो आणि मग जे बाटलीत शिरेल ते सोडा करायच्या कामाचं नाही.

पाहुणे आले आणि एकामागून एक बाटल्या केल्या की सिलिंडर हाताला गार लागतं आणि जोर कमी होतो. बिघाड नाही. आतला द्रव उकळायला उष्णता स्वतःकडूनच घेतोय, थंड होतोय, दाब पडतोय. दहा मिनिटं थांबा, चहा ठेवा.

चवीबद्दल. पाणी फ्रिजमधलं हवं, आणि 'गार' म्हणजे माठातलं नाही, फ्रिजच्या मागच्या कप्प्यातलं. ० डिग्रीच्या एक लिटर पाण्यात हवेच्या दाबाला ३.३ ग्रॅम सीओटू मावतो, २५ डिग्रीच्या पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. नळाच्या पाण्याचा सोडा करणाऱ्याचा निम्मा वायू स्वयंपाकघरात जातो आणि तोच नंतर रिव्ह्यूत लिहितो की मशीन बेकार.

दुसरं, पाणी कोणतं. आमच्याकडे बोअरचं आणि आरओचं दोन्ही आहे. बोअरच्या पाण्याचा सोडा बोथट लागतो, आरओचा टोचतो. कारण पुतणीने शोधून काढलं, तेही शाळेच्या प्रकल्पासाठी. तिने पानटपरीवरून चुना आणला, पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरची निवळी काचेच्या पेल्यात घेतली. त्यात एक चमचा सोडा टाकला तर निवळी दुधासारखी पांढरी. इथपर्यंत सगळ्यांनी शाळेत केलेलं असतं. ती पुढे सोडा ओततच राहिली आणि पांढरं हळूहळू नाहीसं होऊन पाणी परत नितळ झालं. "काका, गेलं कुठे ते?" कुठे गेलं नाही. पहिल्यांदा झालं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, ती पाण्यात विरघळत नाही. सीओटू आणखी मिळाला की तिचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. आमच्या बोअरच्या पाण्यात हेच बायकार्बोनेट जमिनीतून आयतं मिसळून येतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो हीच क्रिया उलटी फिरून. आणि सोड्यात हेच बायकार्बोनेट आंबटपणाला धरून ठेवतं, त्यामुळे साध्या सोड्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास जातो तिथे बोअरच्या पाण्याचा वरच राहतो. म्हणून बोथट.

जिभेला जो झटका बसतो तो बुडबुड्यांचा, अशी सगळ्यांची समजूत. तो बराचसा आम्लाचा आहे. विरघळलेल्या सीओटूचा अगदी थोडा भाग पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो, पण जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते तिथल्या तिथे आणखी आम्ल करून देतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. तेच एन्झाइम उंचीवर त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीने अडतं. माझा एक मित्र लेहहून गोळ्या घेत घेत परतला आणि आमच्याकडे सोडा पिऊन म्हणाला, "तुझं मशीन गेलं." मशीन गेलं नव्हतं. इतरांना त्याच बाटलीतला सोडा ठसका लावत होता.

आता ज्यावर मी खरे स्टार कापतोय ते: सिलिंडर बदलून मिळणं. विकताना सांगतात रिकामं द्या, भरलेलं घ्या. प्रत्यक्षात कंपनीचं बदली सिलिंडर यायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि तो नेमका एप्रिल-मेमधला असतो. म्हणून गावातल्या एका विक्रेत्याकडून आणलं, नाव घेत नाही. घरी येऊन तोललं तर साठ ग्रॅम कमी. परत नेलं. तो शांतपणे म्हणाला, "उन्हाळ्यात गॅस फुगतो भाऊ, कमीच भरावा लागतो." धंद्यातल्या माणसाला धंद्यातली थाप मारायला हिंमत लागते. फुगतो हे खरं, पण ती जागा भरण्याच्या वजनातच धरलेली असते. आमच्याकडे एक लिटर पाणी मावेल अशा सिलिंडरात ६६७ ग्रॅमच भरतो, उरलेली जागा उन्हासाठीच. छापलेलं वजन हे उन्हाळ्यासकटचं वजन असतं. बदलून दिलं त्याने, पण काटा नसता तर पाच बाटल्या गेल्या होत्या.

"अहो, मग तुमच्या वर्कशॉपमधूनच भरून आणा की!" हे घरात निदान शंभरदा झालंय. नाही. आग विझवायच्या वायूत तेलाचा वास आहे का, ओलावा किती, हे कोणी बघत नाही, कारण आगीला चवीचं काही नसतं. पोटात जाणारा सीओटू खाद्य दर्जाचाच हवा. तयार शीतपेयाच्या बाटलीवर घटकांमध्ये आयएनएस २९० दिसतं ना, तो हाच. शिवाय सिलिंडर भरायला गॅस सिलिंडर रूल्स, २०१६ लागू आहेत आणि परवाना देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणाऱ्या खात्याचं, मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. इंटरनेटवर एक अ‍ॅडाप्टर मिळतो, त्याने फायर सिलिंडरमधून सोड्याचं सिलिंडर घरी भरता येतं असे व्हिडिओ आहेत. त्यातला माणूस सिलिंडर आधी फ्रीझरमध्ये थंड करतो, ते शास्त्राने बरोबर आहे, कारण गार सिलिंडरातला दाब कमी असल्याने द्रव आपोआप तिकडे वाहतो. पण तो तोलत नाही! जास्त भरलेलं गार सिलिंडर दुपारी ओट्यावर तापलं की काय होईल याचा त्या व्हिडिओत एक शब्द नाही. सुदैवाने झडपेवर एक पातळ चकती असते, ती आधी फुटते. ज्या खोलीत फुटते तिथल्या माणसांच्या कानांचं सांगता येत नाही.

याच कारणाने सिलिंडर बदलून आणताना ते गाडीत विसरू नका. ४२५ ग्रॅमचा वायू झाला की जवळपास २३५ लिटर होतो. आमच्या स्वयंपाकघरात तो सगळा सुटला तर हवेत एक-सव्वा टक्का होईल, खिडकी उघडायची आणि बाहेर यायचं. बंद कारमध्ये तोच सात-आठ टक्के होतो, आणि तेवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, म्हणजे अंदाज करा. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली साठतो, म्हणून मागच्या सीटखाली ठेवून लहान मूल मागे बसवणं तर नकोच. मी काचा खाली करून आणतो, सिलिंडर उभं, पायाशी दोन पिशव्यांत अडकवून.

पैशाचा हिशोब अनेकांना हवा असतो. बदली सिलिंडर मला नऊशेला पडतं. पस्तीस बाटल्या धरल्या तर लिटरला पंचवीस-सव्वीस रुपये. दुकानात पाऊण लिटरची बाटली वीसला मिळते, म्हणजे लिटरला सत्तावीस. मशीनची किंमत यात धरलेलीच नाही. तेव्हा बचत होते म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला काटा दाखवा. फायदा एवढाच की रविवारी संध्याकाळी कोणी अचानक टपकलं तर दुकानात पळावं लागत नाही आणि गच्चीवर रिकाम्या बाटल्यांचा ढीग साचत नाही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. ज्यांना रात्री जेवणानंतर चौकात जाऊन गोटी सोडा फोडायला आवडतं त्यांनी हे घेऊ नये, तो आवाज यात नाही.

सरबतं फुकट आली तरी वापरू नका, भयंकर गोड आहेत. लिंबू, काळं मीठ, भाजलेलं जिरं, नाहीतर कोकमाचं आगळ. आणि काहीही असो, सोडा आधी करायचा, बाकीचं नंतर पेल्यात. साखरेच्या पाण्यात वायू सोडला तर फेस मशीनच्या नळीत चढतो आणि ती धुता येत नाही.

मशीनला चार स्टार, सिलिंडरच्या सेवेला दोन. बाटल्यांच्या तळाशी मुदतीची तारीख छापलेली आहे ती घेताना बघून घ्या. दुकानात पडून राहिलेल्या बाटल्यांची बरीचशी मुदत आधीच सरलेली असते, आणि नवी जोडी दीड हजाराच्या खाली मिळत नाही.